कठड्यावरचे दात

आमच्या घरमालकांना 'आपोआप' हा शब्द खपत नसे. नळ आपोआप गळायला लागला, असं मी एकदा बोलून गेले, तर भर थंडीत दारात उभं राहून त्यांनी माझी उलटतपासणी घेतली. नळ शेवटचा कुणी बंद केला? किती जोरात पिळला? त्याच्या आधी काय झालं होतं? मी म्हटलं, "काका, नळ आहे तो. जुना झाला." त्यावर ते म्हणाले, "जुना तर मीही झालोय. गळतोय का?" मग आत येऊन त्यांनी नळ उघडला, आतली रबरी चकती काढून भिंगाखाली धरली आणि मला दाखवली. चकती एकाच बाजूने झिजली होती. "डावखुरी आहेस ना तू?" एवढं विचारून ते दुरुस्तीला लागले. मी डावखुरीच आहे. ते घर सोडून आम्हाला आता बराच काळ झाला, पण नळ बंद करताना माझा हात अजून हलका पडतो.

मूळचे नागपूरचे, इंजिनियर, तरुणपणी अमेरिकेत आलेले. त्यांचं सगळं आयुष्य मोडक्या वस्तूंमध्ये गेलं होतं. कुठे क्रेनचा हूक तुटला, कुठे बॉयलर फुटला, की तुकडे यांच्या टेबलावर येत आणि ते का तुटले हे यांनी शोधून काढायचं. रिटायर झाल्यावर तुकडे यायचे थांबले, सवय काही थांबली नाही. कुणाकडे जेवायला गेले, की थोड्याच वेळात यांच्या हातात त्या घरातली एखादी तडा गेलेली वाटी असायची आणि घरची बाई कानकोंडी होऊन म्हणायची, "काका, राहू द्या हो, आधी जेवून घ्या." कचऱ्याचा डबा रस्त्याकडेला न्यायचा असला तरी अंगात इस्त्रीचा शर्ट, खिशात भिंग, नाकावर एक चष्मा आणि कपाळावर दुसरा. गाडी इतकी हळू चालवायचे, की मागचे लोक हॉर्न वाजवून वाजवून थकायचे. साधारणपणे ते मला 'तू' म्हणत. 'तुम्ही' म्हणाले, की समजायचं, आपलं काहीतरी चुकलंय.

वेस्ट विंडसरमधलं ते घर त्यांचंच. काकू गेल्यानंतर ते तळघरात राहायला गेले आणि वरचं घर आम्हाला भाड्याने दिलं. तळघर म्हणजे अंधारकोठडी नव्हे. मागच्या अंगणात उघडणारं दार, खिडक्या, छोटं किचन, सगळं होतं. पण वरचं घर दिलं म्हणजे त्यांनी फक्त भिंती दिल्या होत्या. वरच्या लाकडात त्यांचा जीव तसाच अडकलेला. जिन्याचा ओकचा कठडा त्यांनी एका हिवाळ्यात स्वतःच्या हातांनी केला होता. शेवटच्या आजारपणात काकू त्याच कठड्याला धरून, थांबत थांबत वर जायच्या. त्यांच्या हाताने तो एका बाजूने मऊ झाला होता. चावी देताना काकांनी मला बजावलं होतं, की कठडा कोरड्या फडक्याने पुसायचा, पॉलिश लावायचं नाही, घासायचा तर अजिबात नाही. "बाकी घर तुझंच समज," असंही म्हणाले होते.

माझा नवरा तेव्हा गाडीने चार तासांवर, अ‍ॅशबर्नला एका डेटा सेंटरमध्ये होता. आठवडाभर तिकडे, शनिवार-रविवार इकडे. मी औषधकंपनीचं काम घरूनच करायची. दिवसभर लॅपटॉपशी बोलायचं आणि लॅपटॉप मिटला की घरात फक्त फ्रिजचा आवाज. एकटं वाटतं, असं कुणाला सांगायची मला लाज वाटायची. एवढी शिकलेली बाई, स्वतः ड्राइव्ह करते, कमावते, तिला कसलं एकटं वाटतंय! तर एका दुपारी मी शेल्टरमध्ये गेले आणि खरपूस रंगाचं, कान एक उभा एक पडलेला, असं कुत्र्याचं एक पिल्लू घेऊन आले. त्याचं नाव ठेवलं फुटाणा. पहिल्याच संध्याकाळी तो माझ्या पावलावर डोकं टेकून झोपला, आणि मी हलायचं नाही म्हणून बसल्या जागी भिजवलेल्या पोह्यांचा लगदा होऊ दिला. मला तो हवा होता. अगदी जिवापाड हवा होता.

लीजमध्ये पाळीव प्राणी चालणार नाहीत, असं स्वच्छ लिहिलं होतं. मी नवऱ्याला फोनवर विचारलं तर तो म्हणाला, "यार, काकांना काय विचारायचं? आपलेच आहेत. आपल्या माणसाला ईमेल टाकून परमिशन मागितली तर उलट इन्सल्ट वाटेल त्यांना." मलाही ते पटलं. मालक अमेरिकन असता, तर आम्ही लेखी परवानगी घेतली असती, तिची प्रिंट काढून ठेवली असती. इथे आम्ही काय केलं, तर घरी केलेल्या चिवड्याचा डबा खाली नेऊन दिला आणि कुत्र्याचं सांगायचं उद्यावर ढकललं.

फुटाण्याने तोवर काम सुरू केलं होतं. आपल्याकडे चपला-बूट दाराशी काढून ठेवायची पद्धत. त्याला वाटलं, हे आपल्यासाठीच मांडून ठेवलंय. आधी माझी सँडल, मग नवऱ्याचे ऑफिसचे बूट, मग लॅपटॉपची वायर, सुदैवाने ती भिंतीत खोचलेली नव्हती. मी ओरडले की शेपूट हलवायचा. मागे धावले की त्याला तो खेळ वाटायचा. शेवटी माझी एक जुनी चप्पल मी त्याला देऊन टाकली, घे बाबा, ही तुझी.

आणि एक दिवस ऐन मीटिंगमध्ये बाहेरून कटकट असा आवाज यायला लागला. कॅमेरा चालू, समोर साहेब, मी बोलत राहिले. मीटिंग संपवून धावले तर फुटाणा जिन्याशी पोटावर पसरलेला आणि कठड्याच्या पहिल्या खांबाचा खालचा कोपरा गायब. जमिनीवर भुसा. मी वाकून बघतेय तोच दार वाजलं. काका घर गरम ठेवणाऱ्या फर्नेसचा फिल्टर बदलायला आले होते.

ते आत येऊन थांबले. आधी खांबाकडे बघितलं, मग फुटाण्याकडे, मग माझ्याकडे.

"हे कुठून आलं?"

"शेल्टरमधून. काका, मी तुम्हाला सांगणारच होते."

"तुम्ही लीज वाचलं होतं?"

तुम्ही. मी म्हटलं, "वाचलं होतं. पण आम्हाला वाटलं, तुम्ही आपलेच..."

"आपलेच म्हणून विचारायचं नाही?" त्यांचा आवाज चढला नव्हता. हातातला फिल्टर त्यांनी पायरीवर ठेवला. खांबावरून त्यांनी एकदा बोट फिरवलं. मग म्हणाले, "महिनाअखेरपर्यंत हा इथे राहील. तोवर या घरातल्या लाकडाला आणखी एक दात लागला, तर कुत्रं परत जाईल. तुम्ही राहा. तुम्हाला मी घालवत नाहीये."

एवढं बोलून त्यांनी भिंग काढलं, इस्त्रीच्या शर्टासकट जमिनीवर बसले आणि त्या खुणा बघायला लागले. "दुधाचे दात आहेत," ते स्वतःशीच म्हणाले. "पडायला आलेत. हिरड्या शिवशिवत असणार."

दुसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी तपासणी सुरू झाली. रंगारी लोक वापरतात तसली निळी टेप घेऊन ते यायचे आणि जिथे जिथे दात लागले होते तिथे एकेक तुकडा चिकटवायचे, म्हणजे जुनं कुठलं आणि नवं कुठलं यावर वाद नको. घर गोवर आल्यासारखं दिसायला लागलं. मग चौकशी. उशी फाडली ती किती वाजता? त्याच्या आधी काय झालं? त्याच्याही आधी? मी तडकले एकदा. "काका, त्याच्या आधी माझी मीटिंग होती. त्याच्या आधीही मीटिंगच होती. मी नोकरी करते!"

"मीटिंगला दार उघडं असतं की बंद?"

"बंद. तो भुंकतो ना."

ते पोटावर आडवे झाले, हनुवटी जमिनीला टेकवली आणि मलाही खाली बोलावलं. मीही चक्क आडवी झाले. "इथून बघ. या उंचीवरून घरात फक्त पाय आहेत. टेबलाचे, खुर्चीचे, जिन्याचे आणि तुझे. तुझे पाय दाराआड जातात, दार लागतं. मग उरले कोणते?" ते कपडे झटकत उठले. "आणि ती जुनी चप्पल काढून घे आधी. जुनी कुठली, नवी कुठली, हे त्याने कसं ओळखायचं? फॅशन बघून?"

मला तेव्हा त्यांचा रागही येत होता आणि त्यांचंच बरोबर आहे, हेही कळत होतं. त्यांनी सांगितलं ते मी मुकाट्याने करत गेले. दाराशी चपलांसाठी दार असलेलं कपाट आलं. वायरी वर गेल्या. फ्रीजरमध्ये मटारच्या शेजारी जाड गाजरं आणि गाठ मारून भिजवलेली फडकी आली. गार वस्तू चघळली की हिरड्यांना बरं वाटतं. तोंडातली वस्तू हिसकायची नाही, बदल्यात दुसरी द्यायची. मीटिंगच्या आधी अंगणात दमेस्तोवर पळवायचं आणि मग दार उघडं ठेवून त्याला माझ्या टेबलाखाली घ्यायचं. माझ्या ऑफिसच्या लोकांना सगळ्या चर्चेमागे गाजर फोडल्याचा आवाज ऐकू यायचा. त्यांनाही सवय झाली. फुटाणा खरंच सुधारत होता.

पण काकांनी महिनाअखेरची मुदत काही सोडली नाही. "सुधारणा म्हणजे पास नव्हे," म्हणायचे. मी फुटाण्याला बाथरूममध्येही सोबत न्यायला लागले. सोफ्यावर बसले तरी एक डोळा जिन्याकडे. तो नुसता त्या बाजूला गेला तरी मी उठून मागे जायची. फुटाण्याला त्यांनी एकदाही हात लावला नव्हता. तो त्यांच्या बुटाशी लोळण घ्यायचा, तेव्हा ते पाय बाजूला घ्यायचे.

महिना संपत आला तसे तेच जास्त अस्वस्थ झाले. एका रविवारी, नवरा ड्युटीमुळे येऊ शकला नव्हता तेव्हा, सकाळी ते वर आले ते हातात कोरफडीची जाडजूड पानं घेऊन. काकूंची कुंडी होती ती, खाली खिडकीत जपलेली. "एकाच खांबावर पूल उभा करत नाहीत," ते म्हणाले. "लाकूडच कडू करून टाकू." त्यांनी पान आडवं कापलं, उभं धरलं आणि त्यातून ठिबकणारा पिवळा चीक वाटीत धरला. "गर नाही, हा चीक कडू. लहानपणी मी अंगठा चोखायचो. आईने हाच लावला होता. संपला विषय." मग बोट बुडवून त्यांनी स्वतः चाखून बघितलं, तोंड वेडंवाकडं करून सिंकमध्ये थुंकले आणि डोळ्यांतलं पाणी पुसत म्हणाले, "काम होईल."

वाटी मीच धरली होती. माझ्या मावशीने मुलाला अंगावरून तोडताना कोरफडच लावली होती. भाजलं तर कोरफड, केसांना कोरफड, पोटाला कोरफड. कोरफडीने कुणाचं वाईट झालेलं मी तरी ऐकलं नव्हतं. आम्ही दोघांनी मिळून कठडा, टेबल, खुर्च्या, सगळ्यांच्या पायांना तो चीक फासला. फुटाणा मागून आला, त्याने एक पाय चाटला, शिंकला, डोकं हलवलं आणि पुन्हा चाटला. काका बघत होते. "दोनतीनदा चाटेल, मग सोडेल," ते म्हणाले.

दुपारी फुटाणा उलट्या करायला लागला. मग पोट बिघडलं. मी गाजर पुढे केलं तर त्याने मान वळवली. थोड्या वेळाने उचलला तर ओल्या टॉवेलसारखा हातावर लोंबला. मी जिन्यावरूनच किंचाळले, "काका!"

ते धावत वर आले. मी रडत रडत म्हणत होते, की सकाळी चांगला होता हो, काहीच खाल्लं नाही त्याने, आपोआपच असं झालं. त्यांनी मला टोकलं नाही. ते कठड्यापाशी गेले, खांबावरून बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला. मग किचनमधला कचऱ्याचा डबा पालथा घातला, कोरफडीची सालं शोधली आणि प्लास्टिकच्या पिशवीत भरली. "चल. गाडी मी चालवतो," म्हणाले.

इमर्जन्सीचं जनावरांचं क्लिनिक रूट वनवर होतं. मांडीवर फुटाणा, त्याचा श्वास माझ्या मनगटाला लागत होता, आणि काका नेहमीसारखे गोगलगाय. "काका, फास्ट घ्या ना, प्लीज," मी ओरडले. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. पण पुढच्याच क्षणी गाडी डावीकडच्या लेनमध्ये गेली आणि आम्ही एक ट्रक मागे टाकला.

क्लिनिकमधली डॉक्टर तरुण होती. तिने फुटाण्याच्या हिरड्या दाबून बघितल्या आणि विचारलं, "डिड ही गेट इन्टू एनिथिंग?" काही खाल्लं नाही, असं म्हणायला मी तोंड उघडलं, तोच काकांनी ती पिशवी टेबलावर ठेवली.

"आय डिड इट," ते म्हणाले.

मग त्यांनी सगळं सांगितलं. कुठलं झाड, पानाचा कुठला भाग, किती चीक, कुठे कुठे लावला, याने कधी आणि किती चाटला असेल. कुणा दुसऱ्याच्या कारखान्यात झालेला स्फोट सांगावा तसं, एकही गोष्ट न गाळता. माझं नाव त्यात कुठेच नव्हतं. डॉक्टरने पिशवीतलं साल उचलून बघितलं. तो पिवळा चीक कुत्र्यांना बाधतो, ती म्हणाली. एवढ्याशा जिवाच्या अंगातलं पाणीच जातं. सलाइन लावावं लागेल, आज इथेच राहू दे. कोरफड आहे हे कळलं ते बरं झालं, नाहीतर आम्ही दुसरंच काहीतरी शोधत बसलो असतो. वाचेल ना, असं मी विचारलं. "वी विल सी," एवढंच ती म्हणाली आणि त्याला आत घेऊन गेली.

बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर आम्ही दोघं बसलो. मध्ये एक खुर्ची रिकामी. माझ्या अंगावर त्याच्या ओकारीचे डाग होते. मला काय झालं कोण जाणे, मी म्हणाले, "तुम्हाला तो जायलाच हवा होता ना, काका?"

"हवा होता," ते म्हणाले. "पहिल्या दिवशी."

त्यांचा फोन वाजला. देशाच्या दुसऱ्या टोकाहून, बॉथेलहून त्यांची मुलगी दर रविवारी फोन करायची. स्पीकर चालूच राहायचा त्यांचा. "बाबा, व्हेअर आर यू? डोन्ट टेल मी यू आर बॉदरिंग देम अगेन."

"हो," असं म्हणून त्यांनी फोन ठेवून दिला. मग म्हणाले, "चाखून बघितलं ना मी. आणि थुंकलो. त्याला थुंकता येत नाही." हात मांडीवर उलटे पडले होते. "एवढी साधी गोष्ट, पोरी. चाळीस पन्नास माणसं माझ्या सहीवर विश्वास ठेवून क्रेनखालून जायची."

माझा राग तिथेच संपला असं मी म्हणणार नाही. पण मी उठून मधल्या खुर्चीवर जाऊन बसले.

फुटाणा दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आला, पुढच्या पायाचे केस काढलेले, चालताना झोकांड्या खात. घरात आलो तर सगळं लाकूड ओलसर होतं. आम्ही यायच्या आत काकांनी गरम पाण्याने प्रत्येक पाय धुऊन पुसून काढला होता. त्यानंतर ते वर आले नाहीत. चौकशी नाही, टेप नाही. तळघरातून खाटखुट ऐकू येत नव्हती. मी भात घेऊन गेले तर दारातूनच डबा घेतला आणि तो चालतो का, खातो का, एवढं विचारलं.

मला वाटलं, विसरले असतील. पण महिन्याच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी दार वाजलं. इस्त्रीचा शर्ट, हातात टॉर्च. ठरलं होतं ते करायला आले होते. मला एकीकडे संताप आला. एवढं सगळं होऊनही? पण मी सकाळीच सगळं लाकूड पाहून ठेवलं होतं, कुठे नवी खूण नव्हती. फुटाण्याला कडेवर घेऊन मी त्यांच्या मागे मागे फिरले. टेबल झालं, खुर्च्या झाल्या, दारांच्या चौकटी झाल्या. माझा जीव जरा भांड्यात पडला.

मग ते कठड्यापाशी गुडघे टेकून बसले. समोरची बाजू पाहिली. टॉर्च खांबाच्या मागे, भिंतीच्या बाजूला नेला. आणि थांबले.

मीही वाकले. जिन्याच्या सावलीत, खालच्या बाजूला, ताजं पांढरं लाकूड उघडं पडलं होतं. चार बारीक खड्डे. दुपारी कधीतरी मी फोनवर होते, दार उघडं होतं, तरीही. आणि त्यातल्या एका खड्ड्यात तांदळाच्या दाण्याएवढा एक दात अडकून राहिला होता. फुटाण्याचा दुधाचा दात. मी त्याला इतकं घट्ट धरलं, की तो कुंईकुंई करायला लागला.

काकांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला. भिंग काढलं. एकेका खड्ड्यावरून ते फिरवलं. मग नखाने तो दात हळूच सुटा केला, तळहातावर घेऊन टॉर्चच्या उजेडात धरला आणि शर्टाच्या खिशात टाकला.

"त्या दिवशी लाकूड धुताना इथे माझा स्क्रूड्रायव्हर लागला," ते म्हणाले. "सांगायचं राहिलं तुला."

त्यांनी टॉर्च बंद केला, आणि तिथेच जमिनीवर बसल्या बसल्या दोन्ही हात पुढे केले.

"आण इकडे त्याला."

मी फुटाण्याला त्यांच्या मांडीत ठेवलं. त्याने एकदा त्यांचा हात हुंगला आणि लगेच इस्त्रीची बाही तोंडात धरून चघळायला लागला. त्यांनी ती सोडवून घेतली नाही.